काठोकाठ भरून पाहिलेली डिस्क

प्रिय एलिकेम,

तू फोन उचलत नाहीस, निदान पत्र तरी वाचशील. आक्राला निघालेल्या माझ्या मावसभावाच्या हातीच देतेय, म्हणजे मिळालं नाही असं म्हणायची सोय नको.

इथे केट्यात सगळं बरं आहे. मासळी भरपूर आली. आई म्हणते, "त्या आक्रावाल्याला वाळवलेले मासे पाठव गं, पाव खाऊन खाऊन स्वतःच वाळला असेल." माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान जोरात चाललंय. वीज जाते-येते, त्याला इलाज नाही.

आता मुद्द्यावर येते. अकोफा आंटीच्या प्रसूतिगृहासाठी तू पाठवलेली नवी डिस्क. आजूबाजूच्या दवाखान्यांना तू ज्या विकल्यास त्याच मालातली. आंटीकडे येणाऱ्या प्रत्येक बाईचा रक्तगट, आधीचं सिझेरियन, सगळं त्या एकाच कॉम्प्युटरवर असतं, आणि जुनी डिस्क कुरकुरायला लागली होती. आंटी समोर येऊन बसली, "मकाफुई, लाव ना एकदाची, माझ्या बाया ताटकळल्यात!" मी म्हटलं, आंटी, रिकामी आहे तोवरच हिची नीट परीक्षा घेता येते. एकदा सिस्टिम टाकली की सगळं पुसल्याशिवाय तपासता येत नाही. सुरुवातीला स्पीडचा आकडा काय देखणा आला म्हणून सांगू! तुला फोटो पाठवला तोच. तू लगेच लिहिलंस, "बघ, सांगत नव्हतो? टाक सिस्टिम, राणी." आपल्या धंद्यात सगळे तिथेच थांबतात. गिऱ्हाईक आकडा बघून खूश, दुकानदार मोकळा. माझ्याकडे ते चालत नाही, तुला ठाऊक आहे. मी डिस्क काठोकाठ भरायला लावली आणि आंटीला तोवर भेंडीच्या रश्शाबरोबर मक्याच्या पिठाचं अक्प्ले खायला घातलं.

थोडी भरेपर्यंत पळत होती, मग रांगायला लागली. परत वाचून बघितलं तर सुरुवातीला लिहिलेलं गायब! नंतरच्या मजकुराने आधीचा गिळून टाकलेला. उघडली, तर आत एवढीशी चिप. वर छापली होती तेवढी जागा आत नव्हतीच. असा संताप आला की हातातला स्क्रूड्रायव्हर भिरकावला. आंटी दचकून म्हणाली, "काय गं, मेली का?" म्हटलं, "मरायला आधी खरी तर असायला हवी!" शेवटी माझ्याच कॉम्प्युटरमधली पारखलेली डिस्क काढून तिला बसवली. तिच्या बाया सुखरूप आहेत.

तू मुद्दाम फसवलंस असं मी म्हणत नाही. तूही पहिलाच आकडा बघितलास आणि ज्याच्याकडून माल घेतलास त्या व्यापाऱ्याने तुला बनवलं. होतं असं. पण मी फोनवर सांगितलं तेव्हा काय म्हणालास? "गप्प बस. बाकीच्या दवाखान्यांत चालतायत ना? उगाच माझं नाव खराब होईल." अरे शहाण्या, चालतायत कारण अजून भरल्या नाहीत! भरतील तेव्हा टेबलावर एखादी बाई रक्ताळलेली असेल आणि पडद्यावर तिचा रक्तगट नसेल. आणि तुला नावाची पडलीय? मला तुझी लाज वाटली, एलिकेम. पहिल्यांदाच वाटली.

शनिवारी तुझे काका श्नॅप्स दारूच्या बाटल्या घेऊन, तुझ्यासाठी मला मागणी घालायला, आमचं दार ठोठावायला येणार. आईने खुर्च्या सांगून ठेवल्यात. रीतीप्रमाणे बाबा सगळ्यांसमोर मला विचारतील, "पोरी, ही बाटली घ्यायची का?" मला तू हवास, त्यात लपवायचं काय! पण त्याआधी त्या प्रत्येक दवाखान्यात स्वतः जा, खरं काय ते सांग आणि स्वतःच्या हातांनी डिस्क काढ. नव्या मी तपासून देते, बसवायलाही सोबत येते. गेलास, तर मी असं हो म्हणेन की खाडीपलीकडे ऐकू जाईल. नाही गेलास, तर नाही म्हणेन, आणि का नाही, ते तुझ्या काकांच्या तोंडावर सांगेन.

शनिवारपर्यंत तरी तुझीच,
मकाफुई