शेपटीला बॅनर बांधू नये

मी, रत्ना सोपान भालेराव, सेवानिवृत्त परिचारिका, राहणार राजुरी, ता. जुन्नर, जि. पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. या वयात रिमोटचं विमान उडवते म्हणून काही नातलगांना तशी शंका आहे. त्यांच्या समाधानासाठी डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहतं घर माझ्यामागे पती सोपान यांचं व त्यांच्यामागे मुलगी स्वप्ना हिचं. दीर नवनाथ यांनी ‘वरचा मजला माझाच’ असं गावभर सांगितलं आहे. घराला वरचा मजला नाही.

२. दागिने स्वप्नाला. निवृत्तीच्या सत्कारात मिळालेली भिंतीवरची घड्याळं ज्याची त्याने परत न्यावीत.

३. विजेच्या मोटरीचं शिकाऊ विमान, रिमोट, बॅटऱ्या व चार्जर हेही स्वप्नाला. निवृत्तीला घड्याळ न देता हे सुट्या भागांतलं विमान देणारी ती एकटीच. या विमानाची भलतीच हकीकत गावात फिरते, म्हणून खरी इथे नोंदवते.

विमान मी स्वतः जोडलं. पंखांखाली बोटं धरून तोललं, तेव्हा नाकाकडे किंचित झुकून स्थिर राहिलं. तसंच राहायला हवं. पहिली चाचणी आम्ही नवराबायको आमच्या माळावर गुपचूप घेणार होतो. नवनाथरावांना सुगावा लागला. त्यांनी मांडव घातला, माजी सरपंच आणले, आणि ‘भावी जिल्हा परिषद सदस्य’ असा स्वतःच्या फोटोचा बॅनर विमानाच्या शेपटीला बांधला.

“भाऊजी, शेपूट जड झालं की विमान नाक वर करतं आन् पडतं. काढा ते.”

“वयनी, तुमी सुया टोचायच्या. इमानाचं आमाला कळतं. आना तो रिमोट.”

त्यांनी रिमोट घेतला. विमान उठलं, नाक आभाळाकडे करून क्षणभर उभं राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते माजी सरपंचांच्या खुर्चीवर आलं. सरपंच उडी मारून वाचले. खुर्ची आणि विमानाचा डावा पंख वाचला नाही. नवनाथराव माइकवर म्हणाले, “बाईमानसानं जोडल्यालं यंत्र, दुसरं काय व्हनार?”

गाव हसलं. हसणाऱ्यांत माझ्या हातावर जन्मलेले कितीतरी होते.

मी विमान घरातल्या पोटमाळ्यावर टाकलं. सोपान फार बोलत नाहीत. ते डिंकाची ट्यूब घेऊन आले. “खाली घे ते. पडल्यालं पेशंट तू कवा टाकून दिलं व्हतंस का?”

पंख सांधला. आधी मोटर बंद ठेवून विमान उंच गवतावर हाताने सोडून पाहिलं. मग वाऱ्याकडे तोंड करून उडवलं. सांधलेला पंख जड, म्हणून डावीकडे ओढायचं. रिमोटवरची ट्रिमची, म्हणजे कल सुधारायची, कळ उजवीकडे सरकवत नेली. जोर दिला की नाक उचलायचं. मोटरीच्या मागे वॉशर घालून तिचं तोंड जरा खाली केलं. पुन्हा उडवलं.

“हात सोड आता!” सोपान ओरडले. “सोड की गं!”

रिमोटच्या दांड्यांवरचा हात सोडला. विमान आपलं आपण सरळ चाललं, उसाच्या वरून, संथ. मी रडले. सोपान म्हणाले, ऊन लई हाय आज.

त्याच संध्याकाळी नवनाथरावांचं स्टेटस : ‘आमच्या मार्गदर्शनाखाली यशस्वी उड्डाण.’

४. माळाची जमीन स्वप्नाला. नवनाथरावांना तिथे मंगल कार्यालय काढायचं आहे. काढू नये. माळ सपाट ठेवावा, आणि ज्या लेकीसुनांना उडवायचंय त्यांना मोकळा असावा. सोपान यांना शिकायचं असल्यास त्यांनाही.

५. माझ्यामागे होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात नवनाथरावांना जेवायला आग्रहाने वाढावं, माइक देऊ नये.

वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळायचंय त्याला साक्षीदार करू नका. म्हणून भाऊजींनाच बोलावलं आहे. समोर बसलेत. “आधी वाचा,” असं शेजारणीसमोर सांगितलं, तर म्हणतात, “घरच्या घरात वाचायचं काय? सही करताना फोटो तेवढा काढा.”

लिहून ठेवणार : रत्ना सोपान भालेराव (सही)
ठिकाण : राजुरी
दिनांक : १२ जानेवारी २०२५

साक्षीदार :
अंबाबाई भिका रोकडे, शेजारीण (वाचून सही)
नवनाथ गेणू भालेराव, दीर (सही)