लाल झबलं

मंगळ. ९ सप्टेंबर
ऑफिसात पाय ठेवायच्या आत फोन तापलेला. पुण्याच्या एका आईने, ऋता नाव, आमच्या लाल झबल्यामुळे बाळाच्या पाठीवर उठलेल्या पुरळाचा फोटो टाकलाय. 'नैसर्गिक रंग म्हणून घेतलं होतं.' दुपारपर्यंत फोटो सगळीकडे. मालक विक्रमजी शांत. "मुग्धाजी, एक घंटे में स्टेटमेंट चाहिए." दिलं. 'आमचे सर्व रंग शंभर टक्के नैसर्गिक आहेत.' टॅगवर तेच, कॅटलॉगमध्ये तेच. आमचं कापड छापणाऱ्या सांगानेरच्या छपाईखान्यात एक फोन करून विचारायला हवं होतं. तासच होता हातात, म्हणून—

बुध. १०
स्टेटमेंट चाललं. फारच चाललं. लोक आता ऋतावर तुटून पडलेत. फुकट कपडे लाटायला बसलीय, बाळाला आंघोळ तरी घालते का. एकाने तर बाळाच्या फोटोवर... नको.
वि.जींनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. "पूरी हवा पलट दी आपने." डबा तसाच घरी आणला.

गुरु. ११
सांगानेरला गेले, कुणाला न सांगता. छपाईतले सर्वांत जुने कारागीर इस्माईलचाचा. सहज विचारल्यासारखं केलं, हा लाल मंजिष्ठेच्या मुळीचाच ना? त्यांचा ठसा हवेतच थांबला.
"पुराना माल मंजिष्ठा का था, बिटिया. डेढ़ साल से पाउडर आता है. आपको किसी ने बताया नहीं?"
नाही. किंवा मी विचारलं नाही.
केमिकल पावडरीच्या डब्याचा फोटो काढला. म्हटलं, चाचा, तुमचं नाव कुठे येणार नाही. ते हसले. "नाम तो छपाई पर भी नहीं आता."

शुक्र. १२
वि.जींपुढे फोटो ठेवला. सोबत लिहून नेलेली नोटीस: लाल माल परत मागवत आहोत, आधीचं निवेदन चुकीचं होतं. दोनदा वाचली त्यांनी. वाटलं ओरडतील. हळूच म्हणाले, "इस लाल पे कितने घर चलते हैं, गिन के आई हैं आप?"
नोटीस परत त्यांच्यापुढे सरकवली.
मग म्हणे, कापड तपासायला लॅबला दिलंय, रिपोर्ट सोमवारी, तोवर नोटीस नाही. त्याऐवजी नवं स्टेटमेंट: ग्राहकाने कुठला साबण वापरला, तेही तपासावं. म्हटलं, हे मी लिहिणार नाही.
"तो कोई और लिखेगा."

शनि. १३
ऑर्डरमधून नंबर काढून ऋताला फोन केला, माझ्या नंबरवरून. कंपनीचं नाव सांगितलं. सुरुवात हिंदीत, पण बाळाचं विचारताना मराठीच आलं तोंडात.
"तुम्ही मराठी?"
"साताऱ्याची."
"ते शंभर टक्के वगैरे तुम्हीच लिहिलंत?"
"हो."
शिव्या देईल वाटलं. तिचा आवाज फक्त बसलेला. म्हणाली, "माझ्या जावेनेही हेच झबलं घेतलंय. तिची मुलगी दोन महिन्यांची आहे. मी घालू नको म्हटलं, तर तुमचं स्टेटमेंट दाखवते मला. काय सांगू तिला?"
"काढायला सांगा. लगेच. तो रंग नैसर्गिक नाही, मी डबा पाहिलाय."
मागे बाळ कुरकुरत होतं.
"हे मी लिहू?"
चाचा आठवले. खरं सांगायचं तर आधी नोकरी आठवली.
"माझं नाव घालून लिहा. दुसऱ्या कुणाचं विचारू नका."

रवि. १४
तिने अजून काहीच टाकलेलं नाही. सकाळपासून बघतेय. जाऊबाईंनी झबलं काढलं की नाही, तेही कळायला मार्ग नाही. वि.जींचा मेसेज: उद्या साडेनऊला या, वकीलसाहेब असतील.
साबणाचं स्टेटमेंट दुपारी कंपनीच्या पानावर चढलं. खाली लोक टाळ्या वाजवतायत.
नोटीस परत उघडली. 'आधीचं निवेदन चुकीचं होतं' खोडलं. 'मी लिहिलेलं निवेदन खोटं होतं' केलं.
पानाचा पासवर्ड कुणी बदललेला नाही, आत्ताच पाहिलं. नोटीस तिथे पेस्ट केलीय. 'पोस्ट' दाबलं. चढली.