कुर्बानीआधी मुंडण

८ जिल्हज, मिना
हमीदा, उशिरा लिहितोय, माफ कर. रोज लिहायचं कबूल करून निघालो, पण एहरामच्या दोन बिनशिलाईच्या चादरी बांधल्यापासून हात त्यातच गुंतलेले. चादर सुटते की काय, हीच धास्ती. तुझा लेक सलीम हसतो. पस्तिशीचा घोडा झाला तरी बापाला हसतो.

९ जिल्हज
अरफातच्या मैदानातलं थांबणं झालं. हजचा मोठा फर्ज पदरात पडला. तुझ्या गुडघ्यांसाठी दुआ मागितली.
आता उद्याचं. सैतानाला खडे, मग कुर्बानी, मगच मुंडण. क्रम चुकायला नको, आपल्या मशिदीच्या हाफिजसाहेबांनी निघताना बजावलंय. कुर्बानी कूपनवर, पैसे भरायचे, झाली की सलीमच्या मोबाईलवर मेसेज, बोकड दिसतसुद्धा नाही. जन्मभर घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दात बघून सौदे केले आणि इथं…
तंबूतले पुणतांब्याचे रहीमभाई म्हणाले, "दात बघत बसलात तर हज फुडच्या वर्षी हुईल, चाचा."

१० जिल्हज
खडे स्वतःच्या हाताने मारले. कुर्बानी झाली का, सलीमला विचारून विचारून भंडावलं. "झाली अब्बा, मेसेज आला." मुंडण केलं, एहराम सोडला, सदरा घातला.
असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर सलीमचा मोबाईल वाजला. तो अंघोळीला गेलेला. रहीमभाईंनी मेसेज वाचला. "चाचा, तुमची कुर्बानी तर आत्ता झाली."
म्हणजे मुंडण आधी झालं. सदऱ्यात बसवेना.

११ जिल्हज
सलीमकडे पाठ करून बसलो. तोच बोलतो. "उन्हात करपत हुता तुमी. चादरीत पाय अडकून पडला. म्हनून म्हनलं, झाली." वर म्हणे, दुसरे मौलाना क्रमाला एवढं धरत न्हाईत. दुसऱ्यांचं दुसऱ्यांपाशी.
फर्जच्या खालोखालचा वाजिब चुकला की दम, म्हणजे भरपाईचं जनावर, एवढं मला कळतं. पण फसवून चुकवलं तर दम कुणावर? खोटं बोलला, तेही इथं, या जमिनीवर. माझ्या भल्यासाठी म्हणे.

१२ जिल्हज, मक्का
तवाफ-ए-जियारत केला, काबाला सात फेऱ्या, तोही फर्ज झाला. गर्दीत सलीमने दंड धरला. झटकला. परत धरला.
हाफिजसाहेबांना मोबाईलवर सगळं बोलून पाठवलं. उत्तर नाही. दम मक्केभोवतीच्या हरमच्या पवित्र हद्दीतच द्यावा लागतो आणि उद्या गाडी मदिन्याला.
सलीम म्हणतो, "मागनं बी देता येतो. कुनाला तरी सांगून जाऊ. झाला की मेसेज करंल."
मेसेज म्हणे. परत मेसेज.
बोकड माझ्या डोळ्यांदेखत झाला पाहिजे. हाफिजसाहेब, माझ्यावर दम आहे की नाही, तेवढं कळवा. गाडी सुटायच्या आत कळवा.