रकान्यात लिहिलेला धर्म

प्रिय दिलीप,

आज दुपारी तुझ्या ताईंचा फोन आला. दीड वर्षात पहिल्यांदा. त्या काय म्हणाल्या ते सांगतोच, पण आधी मला तुझ्याशी भांडायचंय. दीड वर्ष तू कपाटात तांब्याच्या कलशात बसून आहेस आणि मी कपाटाकडे पाठ करून झोपतोय. आता सहन होत नाही रे.

मी तुला जाळलं. तुमच्यात जाळत नाहीत. एवढंच आहे सगळं, आणि एवढंच मला काही केल्या निस्तरता येत नाही.

दुबईशेजारच्या अजमानच्या याच खोलीत आपण अकरा वर्षं काढली. एका कढईतलं जेवलो. मग तू ज्यू आहेस हे मला का नाही सांगितलंस? मी काय दवंडी पिटणार होतो? या देशात चारचौघांत बोलायचं नाही, हे समजतं. पण मला? माझ्या घोरण्यावरून रोज सकाळी शिव्या घालायचास, तेवढा जवळचा होतो ना मी?

की सांगितलं होतंस?

शनिवारी तू कामाला हात लावायचा नाहीस. त्याबदल्यात शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बंद ऑफिसात एकटा जाऊन नकाशे काढत बसायचास. साहेब करवादला की मी तुझी बाजू घ्यायचो, "सर, इसका शनि का व्रत है." तू गालात हसायचास. एकदा घरी आल्यावर म्हणालास, "आम्ही शनवार तेली, विन्या. पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे." मी म्हणालो, "अरे वा, तेली आला तेलाच्या देशात!" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसलो. तू काहीतरी पुढे बोलणार होतास. मी टीव्ही लावला.

कोलंबी आणली की तुझा वाटा मला. मटण नेहमी नारळाच्या दुधातलं, आणि ते खाल्लं की तुझा चहा कोरा. कोलंबी नाही, मांसाबरोबर दूध नाही, हे तुमचे नियम आता कळतात. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली ती चांदीची बारीक नळी! बाहेर पडताना तिला बोट लावून बोट ओठांना लावायचास. मला वाटलं, ताईत असेल. तुझं आडनाव 'कर'ने संपणारं, वडिलांचं नाव आबाजी, बोलणं थेट माझ्या आत्यासारखं. मराठी माणूस म्हणजे आपल्यातलाच, फार तर वसईचा ख्रिश्चन. तिसरं काही असू शकतं हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

मग मंदीत कंपनी बसली. दोघांच्या हातात एकाच दिवशी पत्रं पडली. त्यानंतर महिन्याच्या आतच, लिफ्ट बंद म्हणून जिना चढताना, तू चौथ्या मजल्यावर जो बसलास तो उठलाच नाहीस. छातीत दुखतंय हेसुद्धा सांगायचं नाही? किती गोष्टी एकट्याने गिळल्यास रे!

तुझ्या मोबाइलमधून ताईंना मीच फोन केला. त्या रडत रडत म्हणाल्या, "त्याला थांबवून ठेवू नका. आमच्यात ठेवत नाहीत. इकडे आणायला किती दिवस जातील कोण जाणे. तुम्ही इतकी वर्षं त्याच्याबरोबर आहात, तुम्हाला सगळं माहीतच आहे. तुमच्या हातून होऊ दे." त्यांनी संमतीचं पत्र फॅक्स केलं. त्यांना वाटलं, मला माहीत आहे. मलाही तेच वाटलं. फॉर्मवर धर्माचा रकाना होता. मी क्षणभरही न थांबता 'हिंदू' लिहिलं.

तुझ्या तोंडात गंगाजल घातलं, तुळशीचं पान ठेवलं. बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून त्यातल्या त्यात चांगला कलश आणला. फार मनापासून केलं रे. तेच जास्त छळतं.

कलश घेऊन अलिबागला गेलो. ताईंचं घर विचारलं तर रिक्षावाला म्हणाला, "इस्रायली बाई ना? सिनेगॉगच्या पाठी." तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना. मग त्यांच्या दाराच्या चौकटीवर तशीच नळी दिसली आणि तेव्हा कुठे कळलं, ही ज्यूंची खूण.

"हे काय आणलंत?" ताईंनी विचारलं. मी कलश पुढे केला. "जाळलंत त्याला?" मी मान डोलावली. तेव्हा त्या अगदी हळू म्हणाल्या, "आमचे पूर्वज नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. जे बुडाले त्यांनासुद्धा समुद्रातून काढून मातीत ठेवलं हो. आणि तुम्ही कोरड्या जमिनीवर असून..." त्यांनी दार लावून घेतलं.

त्या दारापुढे मी अख्खी दुपार उभा होतो. मग तुला घेऊन परत आलो, नवी नोकरी धरली, दर रविवारी ताईंना फोन करत राहिलो. त्या उचलायच्या नाहीत. आपल्या जुन्या ऑफिसातला रमाकांत मला किती वेळा म्हणाला, "अरे यार, खलास कर ना. यल्ला, चल, अब्राच्या होडीत बसू, क्रीकमध्ये सोडू, तू पण सुटशील." मला सुटायचं नव्हतं. बुडालेल्यांनासुद्धा ज्यांनी वर काढलं त्यांच्यातल्या माणसाला मी पाण्यात कसा सोडू?

आणि आज ताईच बोलल्या. आवाज थकलेला. "जाळलेल्याला कबरस्तानात घेत नाहीत, पण भिंतीकडेची जागा द्यायला आमचे लोक तयार झालेत. खूप भांडले मी. पण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. बाकीचे सगळे इस्रायलला गेले, इथे सातच उरलेत. ठाण्याहून तिघे येतो म्हणतात. येतील तेव्हा खरं."

"मी येतो ना ताई! आठवा मी."

"तुम्हाला त्यात मोजता येत नाही, विनायकराव."

मी फोन कानाला धरून ओक्साबोक्शी रडलो, दिलीप. या वयात. ताई म्हणाल्या, "पण या तुम्ही. वरून माती लोटायची असते. ते भाड्याच्या माणसाकडून नाही करून घेत. आपल्या माणसाने लोटायची असते."

त्यांनी मला माफ केलंय का, माहीत नाही. तू केलंस का? ते तिघे आले नाहीत तर काय करायचं, तेही माहीत नाही. फार भीती वाटते रे.

उद्या तुला नेण्याचा फॉर्म भरायचाय. तोच रकाना असणार. या वेळी खरं लिहीन, मग कोणी काहीही विचारो. शनिवारी प्रवास करणार नाही. आणि हे वचन देतो: दहा जण जमेपर्यंत मी अलिबाग सोडणार नाही, आणि ते जमले की फावडं दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही.

दहांत न मोजलेला, तुझाच,
विन्या