अस्वलाचं नाक

२७ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. आल्या आल्या ठमीला दोनदा आंघोळ घातली, तिचा फ्रॉक उकळत्या पाण्यात टाकला, तरी त्या अस्वलाचा वास माझ्या नाकातून जात नाही. शी! हौसेने नेलं गं दीड वर्षाच्या पोरीला तुमच्या गल्लीतल्या सुट्टीच्या मेळ्याला. म्हटलं, लहानपणी आपणही त्या सोंगातल्या अस्वलाच्या मांडीवर बसून फोटो काढलेच की. पण तेव्हा मी प्रयोगशाळेत जंतू मोजत नव्हते.

त्याचं ते चामड्याचं नाक! प्रत्येक शेंबडं पोर रांगेने त्याचा मुका घेतं आणि आया मागे उभ्या राहून कौतुकाने बघतात. मध्ये एकदा पुसायची बुद्धी कुणाला नाही. चाळीस वर्षांचं ते कातडं काखेत उसवलेलं, आत घाम, खोकल्याचं औषध आणि देव जाणे काय काय. आणि आपली ठमी, जी एरवी कुणाकडे म्हणून जात नाही, तिने मुका तर घेतलाच, वर ते नाक चाटलं.

त्यात तो आतला माणूस. बाकीच्या पोरांना फोटोपुरतं घेत होता, ठमीला मात्र सोडेचना. मी तीनदा हात पुढे केले. शेवटी ह्यांनी अक्षरशः ओढून घेतली. किळस आली मला. मेळ्याच्या मंडळासाठी अर्ज सोबत ठेवलाय: कातडं जाळा आणि त्या माणसाला पुन्हा बसवू नका. आजच्या आज देऊन ये.

बाबा, चहाच्या वेळी हे नेहमीसारखं तुम्हीच मोठ्याने वाचत असणार. खोकल्यामुळे घरी थांबलात तेच बरं झालं. आणि ठमीला तुमच्याकडे देत नाही म्हणून रागावू नका. पॉलिशचे ते काळे हात बघितले की मी तिला मागे ओढते, काय करू?

लोभ आहेच, तो हात धुऊन वाढवावा.

तुझी
धाकटी

३१ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं आणि बाबांनीच वाचलं. राहू द्या म्हणून मी मध्ये हात घातला, पण ऐकतील तर शपथ. एक शब्द गाळला नाही. वाचून झाल्यावर घडी नीट घालून पाकिटात ठेवली आणि म्हणाले, "तिचं बरोबर आहे. अर्ज देऊन टाक."

आता तरी डोक्यात प्रकाश पडला का, शहाणे? दरवर्षी बसायचा तो पोस्टमन गुडघ्यांनी जायबंदी झाला, तेव्हा बाबांनी ते कातडं आपणहून मागून घेतलं. खोकला असून चार तास त्यात उकडत बसले. तुला सांगू नये अशी मला शपथ घातली होती. दीड वर्षात नात एकदा मांडीवर मिळाली नाही. कातड्यात हात दिसणार नाहीत, म्हणाले.

परवापासून दोन्ही हात रॉकेलने घासतायत. सालटं निघाली, पण जन्मभर लोकांच्या खुर्च्या-कपाटांना पॉलिश केलंय, ते डाग कसले जातात. अर्ज मी फाडला. किळस मलाही आली, पण तुझ्या पत्राची.

ठमीला पापा.

ताई

४ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चार कागद फाडून हा पाचवा घेतलाय. अस्वलाबद्दल लिहिलेलं एक अक्षर मागे घेत नाही. ते घाणच आहे. रविवारी येते, कातडं मी स्वतः धुणार आणि नाक नवं शिवणार. तुमच्या हातांबद्दलचं मात्र सगळं मागे घेते. मला माझीच लाज वाटते, बाबा.

ठमी रोज त्या फोटोतल्या अस्वलाकडे झेपावते. उचलून नेलं तर रडते.

रॉकेल आधी ओतून द्या. जेवणाआधी धुता तसे साबणाने एकदा हात धुवा, बस्स. डाग राहिले तर राहू देत. दारातच ठमीला तुमच्याकडे देईन. मग मी तीनदा हात पुढे केले तरी सोडू नका.

रागासकट माया असू द्या.

तुमची
धाकटी