नव्वद किलोंची गादी

३ ऑगस्ट

चि. खिळ्यास,
अ. उ. आ. वि. वि.

फोन केला की तू बरं आहे म्हणतोस, आणि मग आपण दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रात निदान तुला मध्येच कामाची आठवण होत नाही.

बाबांची गादी पार बसली आहे. काल शाळेतून आल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं आणि गादीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सुतळी ताणून बघितली. मधल्या खड्ड्यात सुतळीखाली माझी चार बोटं आरामात मावली. चाळीस वर्षं लोकांच्या गाद्या आणि सोफे केलेला माणूस, पण दुकान विकल्यापासून स्वतःच्या गादीला त्याने टाका घातलेला नाही.

नवी आणू म्हटलं तर म्हणतात की बाजारची गादी आंधळी असते, तिच्यावर कोण झोपणार हे तिला ठाऊक नसतं. दुसरा कारागीर बोलावू म्हटलं तर असं तोंड करतात की मीच गप्प बसते. तेव्हा खोळ जुनीच ठेवून आत फोमचे नवे थर घालायचे, आणि ते मीच घरी करायचं असं ठरवलं आहे. हात माझे, पण अक्कल तुझी लागेल. तू बसच्या सीटा करणाऱ्या कारखान्यात आहेस, फोम तुझ्या हाताखालून जातो. कोणता, किती जाड, कशावर काय, ते सगळं लिही.

सहा वर्षांचा होतास तेव्हा बाबांसारखे तोंडात खिळे धरायला गेलास आणि एक गिळलास. तो बाहेर पडेपर्यंत तीन दिवस बाबा दुकान बंद ठेवून तुझ्यामागे फिरत होते. आता तुम्ही सहा वर्षं एकमेकांशी बोललेला नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण तुम्हा दोघांना समोर बसवून केलेली असणार.

उत्तर लवकर लिही. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


११ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पीळ कुणाचा यावर मी काही बोलणार नव्हतो, पण तू म्हण काढलीस म्हणून बोलतो. त्या सहा खुर्च्या मी पहिल्यांदाच एकट्याने केल्या होत्या. गिऱ्हाईक भरल्या अंगाचं होतं, बसलं आणि फोम दबून खाली लाकूड लागलं. बाबांनी लाकडी मुठीची ती उसवायची पाती उचलली आणि दुकानात पाच माणसं उभी असताना सहाच्या सहा सीटा उसवल्या. मग मला विचारलं की बसणाऱ्याकडे एकदा तरी बघितलं होतंस का. ओरडले असते तर मी राहिलो असतो.

असो. फोम विचारू नकोस, मीच कापून पाठवतो आहे. तीन थर आहेत, प्रत्येकावर आकडा आणि उशीच्या बाजूला बाण काढलाय. एक नंबर तळाला, चार इंची, सगळ्यात कडक. दोन नंबर मधे. तीन नंबर वर. थर एकमेकांना चिकटवायला सोल्यूशन फक्त कडेने ठिपक्याठिपक्यांनी लाव. सगळीकडे फासलंस तर गादी पापडासारखी कडक होईल. गुंडाळी सोडल्यावर फोम एक दिवस उघडा पसरून ठेव, त्याला अंग पसरू दे. आणि खोळ बंद करायला दाभण घे, साधी सुई मोडेल.

वजन विचारत नाही, मला ठाऊक आहे. नव्वद, आणि जेवणानंतर एक्क्याण्णव. त्या माणसाच्या मागे स्कूटरवर बसून मी मोठा झालो, पुढचा रस्ता म्हणून कधी दिसला नाही. म्हणून वरचा थरही मऊ घेतला नाही. मऊ घेतला तर बाबा त्यातून थेट फळीला लागतील आणि मला परत तेच ऐकावं लागेल. मशीनवर मालकाचं काम असतं म्हणून जेवणाच्या सुट्टीत सुरीने कापले. कड कुठे वाकडी दिसली तर पोटात घाल.

मी पाठवलं हे त्यांना सांगू नकोस. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा,
खिळ्या


२४ ऑगस्ट

चि. खिळ्यास,
अ. उ. आ. वि. वि.

गादी झाली. मी जिवंत आहे. जुनी खोळ उसवली तर आतला फोम पिवळा पडून त्याचा भुगा झालेला. तीन पोती भरली आणि दोन दिवस शिंकत होते. खोळ धुऊन वाळवली. मग थर आत सरकवायला गेले तर अर्धी मीच खोळीत. बाबा खुर्चीतून काठीने दिशा दाखवत होते, आणि मी आतून विचारत होते की बाण कुठे आहे. दाभणाने अंगठ्याला भोक पाडून घेतलं. शेवटची शिवण सापासारखी वळवळत गेली आहे, पण तिकडे भिंत आहे, कुणाला दिसत नाही.

तू सांगू नकोस म्हणालास आणि मी सांगितलंही नाही. पण बाबांनी एक नंबरच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले की हा डावखुऱ्याचा काप आहे. मी काय करणार? मग त्यांनी तिन्ही थरांच्या चारी कडा चाचपल्या. एक तास लागला. मला चहाही करू दिला नाही.

वजनाबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. तुझी स्मरणशक्ती चांगली आहे.

झोप कशी लागते विचारलं की उत्तम म्हणतात. उत्तम हा शब्द त्यांनी आईच्या हातच्या जेवणालाही कधी वापरला नव्हता. पत्राच्या खाली त्यांना दोन शब्द लिहायचे आहेत, म्हणून जागा सोडते. आहेस तसाच आमचा राहा.

तुझी,
ताई

गादी उत्तम. काम चोख.
बाबा


२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ती ओळ कापून मी माझ्या कामाच्या टेबलावर चिकटवली आहे. शेजारी काम करणाऱ्याने विचारलं की यात काय एवढं. मी त्याला सांगितलं की या माणसाने चाळीस वर्षांत कुणाच्या कामाला चोख म्हटलेलं नाही, स्वतःच्याही नाही. तो म्हणाला की मग मिठाई खायला घाल. घातली.

पण ताई, ते अक्षर रोज समोर असतं आणि रोज जास्त वाईट दिसतं. बाबांचं अक्षर म्हणजे त्यांची शिवण, एका रेषेत चालणारं. ही ओळ कागदावरून घसरत चालली आहे. चोखमधला ख दोनदा गिरवलेला आहे. चष्मा बदलायला झालाय का? का हात कापतो? तू गेल्या वर्षभरात त्यांच्या तब्येतीबद्दल ठीक याखेरीज काही लिहिलेलं नाहीस, हेही आता लक्षात आलं. माझी स्मरणशक्ती चांगली आहे असं जे लिहिलंस, ते नुसतं टोचायला होतं का?

तू लहानपणापासून खोटं बोलताना वाक्यं लहान करतेस. मला लांब वाक्यांचं पत्र पाठव.

तुझा,
खिळ्या


९ सप्टेंबर

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. बाबांचं वजन सत्तेचाळीस किलो आहे.

गेल्या वर्षी पोटात दुखायला लागलं. दोन डॉक्टरांना दाखवलं, आणि दोघांनीही सांगितलं की कापायची वेळ निघून गेली. तुला कळवणार नाही असा बाबांनी माझ्याकडून शब्द घेतला. त्यांचं म्हणणं असं की यायचं तर त्याने माझ्यासाठी यावं, माझ्या आजारासाठी येऊ नये. मला ते तेव्हा पटलं नव्हतं आणि आता तर स्वतःचा राग येतो. पण वडील हात धरून मागतात तेव्हा काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. तू नव्वद लिहिलंस तेव्हा खरं कळवायला मी पेन घेऊन बसले होते. मग मूग गिळून गप्प बसले. मला वाटलं गादीच तर आहे, चार किलो इकडे, चार तिकडे.

ते तुझ्या गादीत रुतत नाहीत, खिळ्या. वरच्या वर राहतात. मलमपट्टी करायला नर्स येते, तिने परवा गादी हाताने दाबली आणि मला बाहेर बोलावून विचारलं की या माणसाला फळीवर का झोपवलंय. कमरेची हाडं, टाचा, खांदे सगळे लाल झाले आहेत, एका जागी कातडी गेली आहे. मला म्हणत होते उत्तम.

मी लगेच उसवायला घेतली तर त्यांनी माझं मनगट धरलं. रजई घालते म्हटलं तर तीही नको, म्हणाले की चांगल्या गादीवर रजई घालणं म्हणजे गादीला नावं ठेवणं. झोपेत घातली तर जागे होऊन काढायला लावली. शेवटी मी रडले. तेव्हा म्हणाले की त्याचं काम मी एकदा चारचौघांत उसवलं, आणि सहा वर्षं घर रिकामं झालं. आता माझ्या अंगाखाली ते उसवायचं नाही.

तू ये. दुसरं काही लिहीत नाही.

ताई


१३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी रविवारी, एकवीसला सकाळी पोचतो. आजच निघालो असतो, पण सत्तेचाळीस किलोंना लागतो तसा मऊ फोम इथे नाही. मागवलाय, शुक्रवारी येईल, मी दोन थर कापून बरोबरच आणतो. रिकाम्या हाताने त्यांच्यासमोर उभं राहायची माझी छाती नाही. तोवर काहीही करून त्यांच्याखाली मऊ घाल. खालचं त्यांना वाचून दाखव.

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही चोख म्हणालात ते खरं नाही. गादी कडक झाली आहे. त्या खुर्च्या मऊ झाल्या होत्या, तेव्हा लाकूड मलाही लागलं होतं, पण सहा वर्षं मी ते कुणाला बोललो नाही. बसणाऱ्याकडे बघितलं होतंस का असं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. नव्हतं बघितलं. या वेळीही झोपणाऱ्याकडे बघितलं नाही, न बघताच कापलं.

माझं काम उसवा, बाबा. मला वाईट वाटणार नाही. मी येतो आहे.

तुमचा,
खिळ्या


४ ऑक्टोबर

चि. खिळ्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तू आलास आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने गेलास. दिवसभर घरात माणसं होती, तू फोमची गुंडाळी गॅलरीत उभी केलीस आणि त्या खोलीत पाऊलही टाकलं नाहीस. मी अडवलं नाही. पण फोनवर मी तुला बाबा शनिवारी सकाळी गेले एवढंच सांगितलं होतं. राहिलेलं आता लिहिते, कारण लपवालपवीने या घराचं जे व्हायचं ते झालं.

तुझं पत्र बुधवारी आलं. मी बाबांना दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी कागद स्वतःच्या हातात घेतला, चष्मा नसताना. मग किती तरी वेळ छताकडे बघत होते, आणि डोळ्यांतून पाणी कानात जात होतं ते पुसू देत नव्हते. मला वाटलं आता तरी उसवू देतील. मी पाती आणायला उठले. तर म्हणाले की तो येतोय ना, मग त्याचं काम त्यालाच उसवू दे. मी फोन करून तुला आधी बोलावते म्हटलं तर तेही नको. कारागिराला सामान घेऊन येऊ द्यावं, घाई केली की काप वाकडा जातो, म्हणाले. रजई मात्र घालू दिली. तू सांगितलं होतंस म्हणून.

पाती त्यांनी माझ्याकडून मागून घेतली आणि मूठ तेलाने पुसायला लावली. तुझ्या हातात स्वतः द्यायची होती. गुरुवारी दोनदा आणि शुक्रवारी चारदा त्यांनी उशीखाली हात घालून ती आहे ना बघितलं. शनिवारी सकाळी मी अंग पुसायला पाणी घेऊन आले तेव्हाही हात उशीखालीच होता. मला वाटलं परत चाचपत आहेत, म्हणून मी थांबले. बराच वेळ थांबले.

तू फोमसाठी थांबलास म्हणून स्वतःला खात बसू नकोस. मीही मूग गिळले होते. तिघांनीही एकमेकांना जपलं, आणि त्या जपण्यातच वेळ गेला. मला त्यांची आठवण येते, आणि आठवणीत ते नव्वद किलोंचेच असतात. तुझं चुकलं होतं, पण तू ज्याच्यासाठी कापलंस तो माणूस खोटा नव्हता.

गादी तशीच आहे. मी हात लावलेला नाही, नर्सला देऊ केली नाही, कुणाला बोलावलं नाही. गेले दोन आठवडे मी तिच्यावर झोपते. कडक आहे, पाठ धरते. पाती उशीखालीच आहे. ती पार्सलने पाठवणार नाही, घ्यायला तुला यावं लागेल, आणि त्या खोलीत यावं लागेल.

आणि आता मागाहून कळायला नको म्हणून आधीच सांगते. माझं वजन बासष्ट किलो आहे. डाव्या कुशीवर झोपते. उजवा गुडघा दुखतो, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तरी कापायच्या आधी एकदा येऊन बघ.

तुझी,
ताई