विलायती इंजिनाची स्वदेशी वात

॥ श्री ॥

नाशिक, तांबट आळी
आषाढ शुद्ध पंचमी, शके १८५४

स्वस्ति श्रीमत् स्वदेशीव्रतधुरंधर, विलायतीवस्त्रदहनदीक्षित, ज्वारीकणमर्दन, जातेचालनविशारद, लोहद्वारसंरक्षित, सरकारी-पाहुणचार-परमपात्र, चिरंजीव राजमान्य राजश्री यादवराव सावळीराम फुलसुंदर, मुक्काम विसापूर तुरुंग, यांच्या चरणकमलांशी (चरण पुत्राचे असल्यामुळे हे पद मागे घेतो, मस्तकाशी) इयत्ता पाचवीचे पंतोजी, धातुरूपावलीभारवाहक, समासव्यसनी सावळीराम गोटीराम फुलसुंदर याचे अनेक आशीर्वाद विशेष. हे पत्र यादवरावांच्या आधी वाचणारे जे कोणी अधिकारी असतील त्यांस साष्टांग नमस्कार. त्यांनी माझे समास खुशाल फोडून पाहावेत; आत काही दडवलेले नाही. आमच्या कुळात झेंडूच्या माळा ओवीत. मी एकट्याने शब्दांच्या ओवल्या, आणि त्यांना गिऱ्हाईक आजवर मिळालेले नाही.

इकडील क्षेम. तुझे इंजिन आले.

कॉलेजात असताना शिकवण्या करून तू विलायतेहून जे मागवले होतेस, आणि पुढे विलायत हा शब्दच वर्ज्य केल्यामुळे विसरला होतास, तेच हे. इंजिन म्हणजे इंजिनाची हाडे. दीड वीत लांबीचे वाफेचे यंत्र, पण जन्माला यायचे आहे. चाके, दट्टे, नळ्या, तांब्याचा पाण्याचा पिंप, आणि तांदळाच्या कणीशी स्पर्धा करणारे स्क्रू. सोबत पुस्तिका आहे. तीत लिहिले आहे की कोणताही बुद्धिमान मुलगा हे यंत्र सहज जोडू शकेल. मी मुलगा नाही, एवढाच बचाव मला उपलब्ध आहे.

इंजिन आल्याचे कार्ड टाकले होते, त्यावर तुझी आज्ञा पोहोचली: ‘ती विलायती वस्तू घरात ठेवू नये, तिची होळी करावी.’ पितळ होळीत जळत नाही, हे पदार्थविज्ञान तू मला शिकवले होतेस. तरी प्रकरण उच्च न्यायपीठापुढे, म्हणजे तुझ्या आईपुढे, ठेवले. निकाल असा:

“आवो, पोरानं हौसंनं मागवलेली गाडी हाय. आधी उभी तर करा. मंग जाळा नायतर पुरा.”

“पण त्याचं व्रत?”

“व्रत त्याचं, गाडी बी त्याचीच. आल्यावर दोघांचं काय ते त्यो बघंल.”

तेव्हापासून ती स्क्रू सुपात घेऊन निवडते. बाजेवर बसूनच निवडते. बसूनच का, या प्रश्नाकडे मी तूर्त वळत नाही.

एक अडचण निघाली. पिंपाखाली स्पिरिटचा दिवा असतो. त्याला तीन नळ्या आणि नळ्यांत तीन वाती. पेटीत सर्व आले, वाती तेवढ्या आल्या नाहीत. मी विलायतेस तक्रार लिहायला बसलो. ती म्हणाली, “वातीसाठी समुद्रापल्याड? द्या इकडं ती नळी, बघू केवढी हाय.” तुझ्या टकळीचे सूत तिने जपून ठेवले होते. त्यात घरचा कापूस मिसळून तिने तळव्यावर वाती वळल्या, आणि त्या नळीत अशा बसल्या की जणू नळीच त्यांच्या मापाने केली असावी. तेव्हा तुझ्या व्रताचे समाधान होईल असा तोडगा सादर करतो: इंजिन विलायती असले तरी त्याच्या पोटातली आग स्वदेशी राहील.

दोन विषयांवर लिहू नये अशी शपथ तिने मला घातली आहे. पहिला विषय खोकल्यापासून सुरू होतो. दुसरा एका कागदाविषयी आहे, ज्यावर ‘पुन्हा असे करणार नाही’ असे लिहून सही केली असता तुमच्याकडील लोहद्वार उघडते म्हणतात. मी दोहोंपैकी एकाही विषयावर लिहिलेले नाही, हे अधिकारीमहाशयांनी ध्यानात घ्यावे.

बहुत काय लिहिणे? इंजिनाला तीनच चाके लागली आहेत. चौथे सुपात सापडत नाही.

तुझा यंत्रोपासक पिता,
सावळीराम


नाशिक
श्रावण वद्य द्वितीया, शके १८५४

चिरंजीव यादवराव यांसी, यंत्रभंगकार, ताम्रविदारक, उभयकुलहास्यास्पद सावळीराम याचे आशीर्वाद विशेष.

चौथे चाक सापडले, उशीखाली होते. पण पिंप गेला. तो कसा गेला, हे पुढील पिढ्यांसाठी नोंदवून ठेवणे अवश्य आहे.

पिंप तांब्याचा. तुझ्या आईने आत बोट घालून पाहिले आणि म्हणाली, “आवो, ह्याला कल्हई नाय.” मी म्हणालो, हा पाण्याचा पिंप आहे, आमटीचे पातेले नव्हे. “पाणी उकळायचं ना ह्यात? बिनकल्हईचं भांडं कळकतं, येवढं बी ठावं नाय?” मी शौकतभाई कल्हईवाल्याकडे दाद मागितली. त्याने तर कानाच्या पाळ्या धरल्या. “तौबा, मास्तर! विलायतवाल्यांनी बिनकल्हईचं पाठवलं? भाभी बराबर बोलतात. द्या, एका दमात चमकवतो.”

त्याने भाता मारला, पिंप निखाऱ्यांवर धरला, नवसागर टाकला. धूर झाला. धूर विरला तेव्हा पिंपाची दोन्ही तोंडे निखाऱ्यांत पडली होती, वरच्या नळ्या गळून पडल्या होत्या, आणि शौकतभाईच्या चिमट्यात एक निष्कलंक, पोकळ, उघडी नळकांडी उरली होती. विलायतवाल्यांनी सगळे सांधे डाख देऊन जोडले होते. कल्हईच्या आचेत तो डाख पाण्यासारखा वाहून गेला. शौकतभाईने नळकांडीतून माझ्याकडे पाहिले.

“मास्तर,” तो म्हणाला, “कल्हई मात्र अच्छी बसली.”

ही हकीकत घरी सांगितली तेव्हा तुझी आई पोट धरून हसली. नंतर जे झाले ते हसू नव्हते. शौकतभाई दारात उभा होता. त्याने तोंड फिरवले आणि पिंप काखोटीला मारून निघून गेला. चार दिवसांनी त्याने तो नवा डाख देऊन आणला. आता पिंपावर डाखाच्या इतक्या गाठी आहेत की तो कारल्याच्या जातीचा दिसतो, पण गळत नाही.

येथवरचा मजकूर मी तिला वाचून दाखवला. येथून पुढचा दाखवणार नाही. तिला अक्षरओळख नाही, आणि संसारात या गोष्टीचा गैरफायदा मी प्रथमच घेत आहे.

यादव, आता समास सोडवून लिहितो. तुझ्या आईला क्षय आहे. चैत्रापासून आहे. डॉक्टरांनी औषध बदलणे थांबवले आहे, आणि हल्ली ते माझ्याशी फार सौजन्याने बोलतात. विसापूरपर्यंतचा प्रवास तिला झेपणार नाही. बाजेपासून उंबरठ्यापर्यंतचाही झेपत नाही. दार वाजले की ती स्क्रू निवडायचे थांबते. कोण आले ते मी सांगतो. मग पुन्हा निवडू लागते.

तो कागद काय आहे, त्यावर सही करणे म्हणजे तुझ्या लेखी काय आहे, हे मी जाणतो. जाणूनही लिहितो: सही कर आणि ये.

शपथ मोडली. यंत्राप्रमाणे तीही निखाऱ्यात घातली असे समज.

तुझा,
बाबा


नाशिक
आश्विन वद्य चतुर्थी, शके १८५४

चिरंजीव यादव यास आशीर्वाद.

तार मिळाली असेल. तारेत बिरुदे घालण्याची सोय नसते.

तुझ्या पत्राच्या उत्तरादाखल मी जे कार्ड टाकले, त्यावर ‘आई नको म्हणते’ एवढेच होते. कार्ड अपुरे होते. उरलेली हकीकत तुला देणे लागतो.

‘आई म्हणाली तर सही करीन’ हे तुझे वाक्य मी तिला वाचून दाखवले. दोन्ही विषयांवरची शपथ मोडल्याचे त्यामुळे उघडकीस आले. ती रागावली नाही. वाती वळत होती. हातातली वात पुरी केली.

“तिथं त्याच्याबरुबर किती पोरं हायेत?” तिने विचारले.

“पुष्कळ.”

“त्यांना आया नायेत का?”

मी म्हणालो, त्यांच्या आया आजारी नाहीत.

“तुमाला काय ठावं? त्यांच्या घरी तुमच्यासारखं कुणी लिवत नसंल.” मग पुढची वात वळायला घेत म्हणाली, “सही करून आला तर मला बघंल, आन जलमभर मान खाली घालून हिंडंल. मला लय बघावंसं वाटतं त्याला. पर तसला नाय बघायचा. लिवा, नको म्हणती म्हणून.”

यादव, लेखणी माझ्या हातात होती. ‘आई म्हणते, ये.’ तीन शब्द; त्यांत एकही समास नाही, इयत्ता पहिलीचा विद्यार्थीही लिहील. ती वाचू शकली नसती. तू आला असतास, आणि तुला दारात पाहिल्यावर तिने मला काय केले असते ते मी आनंदाने सोसले असते. लेखणी दौतीत बुडवली आणि बसून राहिलो.

“काय लिवलं?”

“तू म्हणालीस तेच,” मी म्हणालो. आणि तसे म्हणून गेल्यामुळे तेच लिहावे लागले. हा सत्यनिष्ठेचा प्रकार नव्हे. तिच्या देखत खोटे लिहिण्याचा सराव नव्हता, एवढेच. योग्य केले की नाही हे मला ठाऊक नाही, आणि तू मला ते सांगू नयेस.

त्यानंतर इंजिन पूर्ण केले. लांबवण्यासारखे काही उरले नव्हते. पेटीतल्या रुळांचे गोल कडे तिच्या बाजेशेजारी मांडले. शौकतभाई आला होता. वाती तिच्या हातच्या. काडीही तिनेच लावली, मी तिचा हात धरला होता. पाणी बराच वेळ काही बोलेना. मग पिंप कुजबुजू लागला, वाफ सुटली, शौकतभाई “बिस्मिल्ला!” म्हणाला आणि इंजिन चालू लागले.

मागे.

कोणतीतरी नळी मी उलट बसवली होती. इंजिन पार्श्वभागाने, अत्यंत आत्मविश्वासाने, कड्यावरून निघाले. शौकतभाई ओरडला, “मास्तर, रोको! उलटी चालली!” मी हात पुढे केला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “माघारी येतीय ना? येऊ द्या.”

अर्धे कडे फिरून ते तिच्या उशापाशी आले आणि थांबले. स्पिरिट संपले होते. शौकतभाई बाटली आणायला धावला, ती म्हणाली, “पुरं. तेवढी गाडी फडक्यानं पुसून ठेवा, गंजंल.” पितळ गंजत नाही, हे मी तिला सांगितले नाही. बरेच काही सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात ती गेली. शाळेतून मला बोलावून आणीपर्यंतही थांबली नाही. सून कशी आणावी याविषयी तिच्या काही सूचना होत्या, त्या शेजारच्या कलाबाईंकडे आहेत.

दहाव्याचा पिंड रामकुंडावर ठेवला तेव्हा कावळा तत्क्षणी शिवला. तिची कोणतीही इच्छा मागे राहिलेली नाही, असा त्याचा अर्थ जमलेल्यांनी काढला आणि माझे सांत्वन केले. माझ्या मते कावळा भुकेला होता.

तुझी मुदत पुरी झाली की तू ताठ मानेने येशील. तिला हवा होतास तसाच येशील. दार मी उघडीन. या वाक्याला कोणते विशेषण लावावे ते मला सुचत नाही. माझ्या आयुष्यात हे प्रथमच घडत आहे.

इंजिन कोनाड्यात आहे. नळी उलटीच ठेवली आहे.

तुझा,
(येथे पदव्या लिहीत असे)
बाप

ता. क. — वातींची मोठी पंचाईत झाली आहे. तिने वळून ठेवलेला जुडगा जेथे ती गेली तेथील दिव्यालाच दहा दिवसांत सरला. हल्ली मी वळतो त्या वाती देवापुढच्या दिव्यात पाय पसरून तेलात बुडतात. वळताना बोटांना पाणी लावायचे, दूध लावायचे की राख, हे विचारायचे राहून गेले. शौकतभाई थुंकी लावा म्हणतो; देवाच्या वातीला ते कसे चालावे? कलाबाई ‘अशी’ म्हणून दाखवतात आणि मला दिसायच्या आत वात वळून होते. म्हणून रविवार कारंज्यावरून विकतच्या आणल्या, तर त्या करंगळीएवढ्या जाड निघाल्या. शिवाय कापूस देशी की परदेशी हे दुकानदार शपथेवर सांगायला तयार नाही, आणि पुडके एकदा सोडले म्हणून परतही घेत नाही.